स्पिटफायरच्या पोटात काय बसवायचं

राजनंदिनीनं बॉनेट उचललं, आत वाकून पाहिलं, तर आत कोंबडी होती. चाकं जागेवर होती, स्टिअरिंगचा दांडा होता, रेडिएटरची गंजलेली चौकट होती. पण मधोमध, जिथं इंजिन असायला हवं तिथून थेट खालची जमीन दिसत होती, आणि त्या जमिनीवर पाचोळा गोळा करून एक तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिनं मान वर करून राजनंदिनीकडं असं पाहिलं, की हिनं गुपचूप बॉनेट खाली ठेवलं.

गाडी होती ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, बिनटपाची, लाल रंगाची, विलायतेत बनलेली. हैदराबादला शिकवायला आलेल्या एका गोऱ्या प्राध्यापकानं मायदेशी परतताना ती विकायला काढली, आणि उमापूरच्या तानाजीनं, म्हणजे राजनंदिनीच्या चुलत्यानं, ती घेतली. गावात त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी ती बरीच वर्षं गेवराई-उमापूर रस्त्यावर फिरवली. मग एका उन्हाळ्यात ती वाटेत तापली. नानांनी घाईघाईनं विहिरीचं गार पाणी थेट तापल्या इंजिनावर ओतलं आणि ब्लॉक उभा तडकला. इंजिन उतरवून दुरुस्तीला हैदराबादला धाडलं, ते गेलं ते गेलंच. गाडी मोसंबीच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तशीच राहिली. गेल्या वर्षी नाना वारले. मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या छबुबाई काकू आणि ही गाडी.

"एक तर चालू कर, न्हाई तर भंगारवाल्याला बोलाव," काकू शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "वाकून वाकून अंडी काढून मी बेजार झाले."

राजनंदिनीचा गेवराईत दातांचा दवाखाना होता. वय बेचाळीस. लहानपणापासून तिला एक खोड होती, कुठलीही गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शाळेत असताना तिनं घरातला पंखा खोलला होता आणि उन्हाळाभर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता तिच्यापुढं अख्खी गाडी होती, आणि त्यात एक रिकामी जागा. त्या जागेत काय बसेल, काय बसायला हवं, या प्रश्नानं तिला त्या दिवशी जे धरलं ते सोडलं नाही.

तिचा धाकटा भाऊ अभिमन्यू याला मात्र प्रश्नच पडला नव्हता. तो पंचायत समितीचा माजी सभापती. उत्तरं त्याच्याकडं तयार असत. दुसऱ्याच रविवारी तो बागेत आला आणि मोबाइल बहिणीच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एका अमेरिकन माणसानं पहारीनं लाकडी पेटी उघडली. आत कोरं करकरीत, चंदेरी, आठ सिलिंडरचं इंजिन होतं.

"ताई, हे बघ. क्रेट इंजिन. कंपनीच पेटीत भरून पाठवती. जुनं गंजकं काही न्हाई. पेटी उघडायची, बसवायचं, चावी मारायची. चारशेच्या वर घोडे!"

"आपल्या गाडीत मुळात किती होते?"

"असतील साठ-सत्तर."

"मग चारशे कशाला लागतात?"

अभिमन्यूनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं जेवणात मीठ कशाला लागतं असं विचारलं. "अगं, आवाज! मिरवणुकीत नुसती उभी राहिली तरी लोक बाजूला होतील. माझ्या ओळखीचा माणूस हाय मुंबईला, तो मागवून देतो."

"पण बसंल का ते आत?"

"बसवणारा पाहिजे. नांदूरघाटचा सत्यम हाय की."

हा सत्यम म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. त्याचे आईवडील ऊसतोडीला दरवर्षी कोल्हापूरकडं जात, आणि लहानपणी तोही जाई. तिकडं एका फडाजवळ शर्यतीच्या गाड्यांची कार्यशाळा होती. तो तिथं आधी बघत उभा राहायला लागला, मग गाड्या धुवायला, मग पाने द्यायला, आणि पुढं शिकून इंजिनं बांधायला. दहा वर्षांनी तो गावी परतला आणि नांदूरघाटला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. बत्तीस वर्षांचा, काळा चष्मा, आणि स्वतःबद्दल अजिबात शंका नसलेला. बागेत आल्याआल्या त्यानं गाडीला एक चक्कर मारली, खाली झोपून पाहिलं, उठून हात झटकले.

"ताई, मी रेसची इंजिनं बांधलेली हायत. बसवायचं म्हणलं तर यात ट्रकचं बी बसवतो. हितं कापायचं, तितं वेल्डिंग मारायचं."

"बसवल्यावर गाडी चालंल का?" राजनंदिनीनं विचारलं.

"चालायचं मग बघू."

"नाही, आधी बघू," ती म्हणाली. "इंजिन न आणता बघता येईल का?"

सत्यमनं चष्मा कपाळावर सरकवला. हा प्रश्न त्याला आतापर्यंत कुठल्या गिऱ्हाइकानं केला नव्हता. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "माप तर इंटरनेटवर मिळतंय. पुठ्ठा हाय का?"

पुठ्ठा होता. फ्रीजचा मोठा खोका नानांनी जपून ठेवलेला होता. दुपारभर तिघांनी मिळून आठ सिलिंडरच्या इंजिनाएवढं पुठ्ठ्याचं इंजिन केलं, कापून, सुतळीनं बांधून. काकूंनी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत हलवली, मग ते वरून हळूहळू गाडीच्या पोटात सोडलं. ते खाली जाता जाता स्टिअरिंगच्या दांड्यावर अडकलं. दुसऱ्या बाजूनं वळवून पाहिलं तर चौकटीवर बसलं. बॉनेट लावायला गेले तर ते वीतभर उघडंच राहिलं. काकू बाजेवर बसून हे सगळं बघत होत्या.

"ढेकर आल्यावानी दिसतीय," त्या म्हणाल्या.

"बॉनेटला भोक पाडायचं," अभिमन्यू म्हणाला. "रेसच्या गाड्यांना असतं तसं. उलट भारी दिसंल."

राजनंदिनीचं मन वेगळ्याच गोष्टीवर गेलं होतं. पुठ्ठ्याला माप होतं पण वजन नव्हतं. तिनं सत्यमला विचारलं, तर तो म्हणाला, एवढं इंजिन दोनशे किलोच्या आगंमागं जाईल, वर गिअरबॉक्स वेगळा. बागेत युरियाची पोती पडलेलीच होती, पंचेचाळीस किलोची. शेतीचं सगळं बघणाऱ्या सटवानं पोती आणली. पुठ्ठा काढून त्या जागी फळ्या टाकल्या आणि त्यावर एकेक पोतं ठेवत गेले. तिसऱ्या पोत्याला गाडीनं मान खाली घातली. पाचव्याला तिचं नाक असं टेकलं, की ती जमिनीवर काही तरी शोधते आहे असं वाटावं.

"आता हिला चालवून बघू," राजनंदिनी म्हणाली.

"इंजिनाबिगर?" सटवानं विचारलं.

"उतारावरून."

बागेपासून कालव्याकडं जाणारा रस्ता चांगला लांब उताराचा होता आणि शेवटी डावीकडं वळत होता. टायर नवे घातलेले होते, ब्रेक सत्यमनं त्याच सकाळी तपासून घेतले होते. सटवानं ट्रॅक्टरनं गाडी वर ओढून नेली. चालवायला कोण बसणार हे कुणी विचारायच्या आत अभिमन्यू आत जाऊन बसला. पांढरी विजार, पांढरा सदरा. त्यानं हात हलवला, सटवानं दोर सोडला, आणि गाडी निघाली.

पहिल्यांदा ती आवाज न करता, झोकात आली. अभिमन्यू हसत होता. मग वळण आलं. त्यानं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, आणखी फिरवलं. पुढची चाकं वळलेली सगळ्यांना दिसली, पण गाडी काही वळली नाही. ती सरळ रस्ता सोडून मोसंबीच्या शेवटच्या रांगेशेजारच्या मऊ वाफ्यात घुसली आणि फसकन थांबली. एक पोतं फुटलं. अभिमन्यू उतरला तेव्हा त्याच्या मिशांवर युरिया होता.

"ब्रेक लागले न्हाईत," तो म्हणाला.

"तू दाबलेच न्हाईस बे," सत्यमच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली आणि "साहेब" जोडलं.

राजनंदिनी मात्र वाफ्यात उकिडवी बसून चाकांच्या खुणा बघत होती. चाकं वळल्यावर सुद्धा घसरत सरळ गेली होती. पुढं एवढं ओझं, की टायरांनी ऐकलंच नाही. तिनं तीन पोती काढायला लावली, दोन ठेवली, गाडी पुन्हा वर नेली आणि या वेळी स्वतः बसली. उतारावर वारा तोंडावर आला. वळणाशी तिनं स्टिअरिंग नुसतं मनात आणल्यासारखं फिरवलं, आणि गाडी त्याबरोबर वळली, हलकी, चपळ. कालव्यापर्यंत जाऊन ती थांबली तेव्हा राजनंदिनीच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं हसतोय, आणि गाडीत इंजिनसुद्धा नाही.

"दोन पोत्यांचं इंजिन असतं का?" तिनं सत्यमला विचारलं.

सत्यमचा चष्मा आता खिशात गेला होता. "असतंय. जिप्सीचं. तेराशे सीसी, अॅल्युमिनियमचा ब्लॉक. कोल्हापूरला आमचे वस्ताद कोरं बांधून देतात, मशिनवर चालवून, पेटीत भरून. ते बी क्रेट इंजिनच झालं की. गिअरबॉक्स बी जिप्सीचाच बसंल. आणि ताई, आणखी एक. हिची मागची चाकं बघा. जोर लई झाला आणि वळणात रेसवरचा पाय उचलला तर ही आत दुमडतात. जुन्या हेराल्ड गाडीला बी हेच होतं, सांगाडा एकच हाय. चारशे घोडे दिले असते तर पहिल्याच वळणाला उलटली असती."

"मग हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"साहेबांना नको वाटलं असतं," सत्यम प्रामाणिकपणे म्हणाला.

अभिमन्यू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून मिशा पुसत होता. त्यानं मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ पुन्हा एकदा, बिनआवाजाचा, शेवटपर्यंत पाहिला.

संध्याकाळी काकूंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवताना चर्चा इंजिनाचीच. सत्यम म्हणत होता, जिप्सीचं इंजिन दोन तऱ्हेनं बांधता येतं. एक रॅलीचं, कडक. एक रस्त्याचं, मवाळ. वर हवं तर टर्बो. अभिमन्यूला अर्थातच कडक हवं होतं. राजनंदिनी दोन्हींत फरक काय, तो का पडतो, हे खोदून खोदून विचारत होती. बोलता बोलता तिचं लक्ष काकूंकडं गेलं. काकू तव्यापाशी बसून ऐकत होत्या. गाडी त्यांची. आणि त्यांना आतापर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काकू, तुमाला कसली पाहिजे गाडी?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"तरी."

काकूंनी भाकरी उलटली. "धर्मापुरीला जाईल अशी."

धर्मापुरी हे काकूंचं माहेर. परळी तालुक्यात, उमापूरपासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. काकूंनी मग सांगितलं ते राजनंदिनीला ठाऊक नव्हतं. गाडी तापली तो उन्हाळा, ती वाट, ती विहीर: नाना त्या दिवशी काकूंना पहिल्यांदाच गाडीत बसवून माहेरी घेऊन निघाले होते. काकूंनी मोरपंखी लुगडं नेसलं होतं. भावानं गावच्या पारावर माणसं बसवून ठेवली होती, आमची बहीण मोटारीतून येतीय म्हणून. नेकनूरच्या पुढं गाडी बंद पडली. नाना गाडीपाशी थांबले आणि काकू एसटीनं गेल्या.

"एसटीतून उतरले तवा पारावरची माणसं अजून रस्त्याकडंच बघत होती," काकू म्हणाल्या. "मला कुणी वळखलंच न्हाई. मोटार बघत होते ना सगळे."

त्या हसल्या, आणि बाकीचेही हसले.

पुढच्या आठवड्यात भाऊबहीण नांदूरघाटला गेले. सत्यमच्या गॅरेजसमोर दोन जिप्सी उभ्या होत्या, एक पिवळी, एक हिरवी. दोन्हींत इंजिन तेच, पण आतला कॅमशाफ्ट वेगळा. सत्यमनं तो हातात धरून दाखवला: अंड्यासारखे उंचवटे असलेला एक दांडा. हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा जेवढा मोठा, तेवढा वेळ व्हॉल्व्ह उघडा, तेवढी वरच्या फेऱ्यांत ताकद जास्त. "पण खालच्या फेऱ्यांत इंजिनाला दम लागतो," तो म्हणाला. राजनंदिनीनं तो दांडा बराच वेळ बोटांत फिरवला. एवढ्याशा उंचवट्यानं गाडीचा स्वभाव बदलतो हे तिला पटत होतं आणि पटत नव्हतंही.

पिवळी कडक होती. अभिमन्यूनं ती घेतली. बाजाराचा दिवस. गॅरेजपासून शंभर पावलांवर, गतिरोधकाशी, ती धक्के खाऊन बंद पडली. त्यानं चालू केली. पुढच्या गतिरोधकाशी पुन्हा बंद. भाजीवाल्या बायका बघायला लागल्या. कुणी तरी ओळखलं आणि "सभापती, ढकलू का?" असं ओरडलं. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर माजी सभापतींना चौघांनी ढकलत गॅरेजपर्यंत आणलं.

"क्लच हाफवर धरून रेस द्यावी लागती, साहेब," सत्यम म्हणाला.

मग राजनंदिनीनं तीच पिवळी गावाबाहेर नेली. गावातून जाताना पिवळीनं तिलाही छळलं. पण मोकळा रस्ता लागला, फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या वर गेला, आणि एकदम काही तरी झालं. आवाज बदलला. पाठीमागून कुणी तरी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखी गाडी सुटली. राजनंदिनीच्या टाळूपर्यंत शहारा गेला. तिनं गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. तिला हे इंजिन हवं होतं. का हवं होतं याचं कुठलंही कारण तिला देता आलं नसतं, आणि कारण नसताना काही हवंसं वाटण्याची तिला सवय नव्हती.

परत येताना तिच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या जोडलेला. रस्ता अरुंद, समोरून वाहनं येत होती. ट्रॅक्टर माणूस भरभर चालेल एवढ्या वेगानं चालला होता. पिवळी हुंदके द्यायला लागली. दुसरा गिअर, पहिला गिअर, क्लच. डावा पाय दुखायला लागला. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. ट्रॅक्टर वळून गेला तेव्हा राजनंदिनी घामानं भिजली होती.

तिनं हिरवी घेतली आणि मुद्दाम त्याच रस्त्यानं, दुसऱ्या एका उसाच्या ट्रॉलीमागं लावली. हिरवीनं हू का चू केलं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, पेडलला जेमतेम पाय लावून, ती ट्रॉलीमागं चालत राहिली. मोकळा रस्ता लागल्यावर तिनं पाय दाबला. शहारा आला नाही. पण गाडी जिथं होती तिथूनच, वाट न बघायला लावता, ओढायला लागली आणि ओढतच राहिली. चांगलं होतं हे. पिवळीएवढं नव्हतं, पण चांगलं होतं.

गॅरेजवर सत्यम आणि अभिमन्यू चहा पीत होते. "बोला ताई," सत्यम म्हणाला. "पिवळीच ना? ती चालवल्यावर कुणी हिरवी घेत न्हाई."

"पिवळीच," राजनंदिनी म्हणाली. सत्यमचा चेहरा खुलला. "मला विचारशील तर पिवळीच. पण उमापूर ते धर्मापुरी, ऊसतोडीच्या दिवसांत, मांजरसुंब्याचा घाट, बीडमधली गर्दी, आणि शेजारी बहात्तर वर्षांच्या काकू. हिरवी बांध. मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा लाव."

"ताई, तुमी इंजिन वाया घालवताय," सत्यम खरोखर दुखावून म्हणाला.

"टर्बो तरी?" अभिमन्यूनं शेवटचा प्रयत्न केला.

"नको."

आरटीओत इंजिन बदलण्याची परवानगी मागायची होती. अभिमन्यू म्हणाला, एक फोन करतो. राजनंदिनी म्हणाली, करू नको. आणि स्वतः कागद घेऊन बीडला दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला गाडीचा फोटो बघायला आतल्या खोलीतले कर्मचारीसुद्धा बाहेर आले. परवानगी मिळाली.

कोल्हापूरहून पेटी आली ती ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून. लाकडी, चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारलेली. शेडसमोर निम्मं उमापूर गोळा झालं. पहार अभिमन्यूनं घेतली. ते काम त्याला कुणी नाकारलं नाही. फळी निघाली, मग प्लास्टिक, मग मेणचट तेलाचा वास. आत ते छोटंसं, चकचकीत इंजिन बसलं होतं, सगळी तोंडं लाल बुचांनी बंद केलेली.

"एवढंच?" गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

"उसाच्या चरकाचं बी याहून मोठं असतंय," दुसरा म्हणाला.

राजनंदिनीनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. ती पेटीपाशी बसली आणि बोटांनी एकेक बूच काढून आत बघत राहिली.

सत्यमनं छातीठोकपणे सांगितलं होतं, दोन दिवसांत बसवतो. इंजिन खाली सोडलं, आणि ते स्टिअरिंगच्या आडव्या दांडीवर टेकलं. इंजिनाच्या बुडाचं तेलाचं पात्र चार बोटं जास्त खोल होतं. त्यानं माप घेतलं होतं, पण पात्र धरलंच नव्हतं. तो बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "माझं चुकलं, ताई." हे शब्द त्याच्या तोंडात इतके नवे होते, की राजनंदिनीला हसू आवरेना. मग दोघं मिळून पात्र कुठं उथळ करता येईल आणि तेवढंच तेल राहायला मागं कुठं पसरवता येईल ते बघत बसले. पुठ्ठ्याचा तुकडा कापून तिनं आकार काढला, त्यानं तो दुरुस्त केला, तिनं पुन्हा विचारलं की वळणात तेल एका बाजूला गेलं तर काय, आणि त्यानं तेल अडवायला आत एक पडदा आखला. नवं पात्र वेल्डिंग होऊन यायला पंधरवडा गेला.

गाडी चालू झाली ती एका साध्या मंगळवारी, दुपारी. काकूंनी चावी फिरवली. इंजिनानं एक गचका दिला आणि गुरगुरत, मग शांत, एकसुरी चालू राहिलं. काकू दचकल्या, त्यांनी हात मागं घेतला, आणि मग पुन्हा पुढं करून हळूच डॅशबोर्डवर ठेवला, त्याची थरथर तळव्याला लागेपर्यंत.

राजनंदिनी आणि काकू धर्मापुरीला निघाल्या तेव्हा साखर कारखाने अजून चालूच होते. काकूंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, डोळ्यांना राजनंदिनीचा जुना काळा चष्मा. बीडच्या गर्दीत लोकांनी मोबाइल काढले. मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाचे तीन ट्रक एकामागं एक लागले, आणि गाडी त्यांच्यामागं निमूटपणे चढली. तापमानाचा काटा मध्यावर आला, पंखा घरघरला, काटा खाली गेला. राजनंदिनीची नजर सारखी त्यावर होती. नेकनूर आलं आणि गेलं. काकू रस्त्याच्या उजव्या अंगाला काही तरी शोधत राहिल्या.

"विहीर बुजवली वाटतं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

केज गेलं. अंबाजोगाईत चहा घेतला. धर्मापुरीच्या अलीकडं काकूंनी गाडी थांबवायला लावली, रुमाल सोडला, केस सारखे केले, चष्मा काढून राजनंदिनीच्या हातात दिला.

"चल आता. हळू घे."

पारावर कुणी वाट बघत नव्हतं. भाऊ जाऊन वर्षं झाली होती. दोन म्हातारे पत्ते खेळत होते आणि एक शेळी होती. गाडीचा आवाज ऐकून म्हाताऱ्यांनी वर पाहिलं. त्यातला एक उठला, डोळ्यांवर हात धरून जवळ आला. गाडीकडं त्यानं पाहिलंच नाही.

"छबू? तू हाईस का?"

"मी न्हाई तर कोण," काकू म्हणाल्या, आणि दार कुठून उघडायचं ते त्यांना सुचेना.

त्या आठ दिवस माहेरी राहिल्या. राजनंदिनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच परत फिरली. अंबाजोगाईच्या अलीकडं रस्ता सरळ आणि रिकामा होता. इंजिन आता रुळलं होतं. तिनं इकडं तिकडं पाहिलं, तिसरा गिअर टाकला आणि पाय पूर्ण दाबला. साडेचार हजार, पाच, साडेपाच. शहारा आला नाही. पण सहा हजारांना इंजिन गायला लागलं, अगदी थोडं, आणि उन्हात वारा कानांवरून गेला, आणि त्यातच पुढं एक वळण आलं. तिनं पाय उचलला. मागची डावी बाजू क्षणभर वर उचलल्यासारखी झाली, जणू गाडी टाचेवर उभी राहिली. तिनं स्टिअरिंग सैल धरलं, गाडी सावरली, वेग उतरला.

भीतीच्या आधी तिच्या मनात आलं ते हे, की चाक दुमडताना नेमकं किती आत जातं आणि दोन्ही चाकांमधल्या पात्याच्या स्प्रिंगला थोडं खाली बसवलं तर काय होईल. केजच्या फाट्यावर ती सरळ घरी न जाता नांदूरघाटकडं वळली.

सत्यमनं गाडी आली तशी हातातलं काम टाकलं. तिनं वळणाचं सांगितलं. तो ऐकता ऐकता गाडीखाली शिरला, आणि तीही पदर खोचून शेजारी गोणपाटावर आडवी झाली. दोघं खालून मागच्या अॅक्सलकडं बघत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. धर्मापुरीहून काकू.

"राजनंदिनी, पोचलीस का गं? आणि ऐक, माझ्या वहिनीला परळीला वैजनाथाला जायचंय. गाडीतून तू तिला एकटीलाच घेऊन जा. माझं काय, मी एसटीनं जाईन. गाडीत दोनच माणसं बसतात ना?"

"दोनच," राजनंदिनी म्हणाली. "पण आधी हिचा मागचा अॅक्सल बघू द्या."